एका लाथेचा अंधार
(मार्थाबाईंनी सांगितलं तसं)

मी मूळची नवापूरकडची. बाप मिशनच्या बागेत झाडांना पाणी घालायचा, आई मिशनच्याच दवाखान्यात फरशा पुसायची, आणि मला शाळेत घातलं ते पाचवीपर्यंत, मग लग्न. सासर दोंडाईच्याच्या अलीकडं, गाव मोठं, आणि आमचा वाडा गावाच्या बाहेर, नाल्याच्या या अंगाला. गाव त्याला महारवाडा म्हणायचं, आमची माणसं ख्रिस्तवाडी म्हणायची. सासऱ्याच्या बापानं धर्म बदलला होता. का बदलला विचारलं की सासरा म्हणायचा, देवळात घेत नव्हते, मग दुसऱ्या देवाकडं गेलो, त्यात एवढं काय. धर्म बदलला, वाडा तिथंच राहिला. विहिरी पण तशाच राहिल्या, गावाची गावाला, आमची आम्हाला.

माझा नवरा याकोब. दोंडाईच्यात एका गॅरेजात कामाला होता, तिथं बॅटरीचं काम शिकला, मग स्टँडच्या बाजूला स्वतःची टपरी टाकली. मिरचीचे ट्रक यायचे, कापसाचे यायचे, त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, पाणी घालायचं, टोकं घासायची. त्याच्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच पँटींना गुडघ्यापाशी भोकं, तेजाबाचा एक थेंब उडाला की धुतल्यावर कापड जाळीसारखं. मी शिवून शिवून कंटाळले. तो म्हणायचा, अगं कपड्यावर थांबतं तोवर बरं शे, अंगावर उडालं तर पहिलं पाणी, भरपूर पाणी, मग बाकी सगळं. हे तो टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, ड्रायव्हर हसायचे, म्हणायचे याकोब मास्तर पुन्हा सुरू झाला.

आता दिव्यांचं सांगते. विजेचे खांब गावात आले ते मारुतीच्या पारापाशी थांबले. नाला ओलांडायला त्यांना जमलं नाही. अर्ज किती केले विचारू नका. मग नाताळाला आमच्याकडं काय, कंदील आणि मेणबत्त्या, आणि डिसेंबरातला वारा असा की चर्चच्या दारातली मेणबत्ती एक गाणं पुरं होईस्तोवर टिकायची नाही. आमचं चर्च म्हणजे कौलाची एक खोली. ऐंशीच्या पुढची गोष्ट, एका वर्षी याकोब म्हणाला, यंदा बाहेर रोषणाई करायची, बॅटरीवर. टॉर्चचे बारके दिवे आणले, रंगात बुडवून वाळवले, तारेवर ओवले. पाच दिव्यांची लडी बारा व्होल्टला बरोबर बसते म्हणे. हा सहा लावायचा. मी म्हटलं, सहावा कशाला, उजेड कमी होतो की. म्हणाला, उजेड थोडा मंद होतो पण दिवा जास्त जगतो आणि बॅटरी पण जास्त जगते, मला पहाटेच्या प्रार्थनेपर्यंत पाहिजे, तासाभराचा तमाशा नको. ट्रकची जुनी पण मोठी बॅटरी, थंडीनं तिचा जीव कमी होतो म्हणून ती आमच्या घरात बारदानात गुंडाळून ठेवलेली, खिडकीतून तार बाहेर, तिथून चर्चच्या दारावर, निंबावर, आणि उंच बांबूवर कागदाचा तारा.

काय सांगू तुम्हाला, वाडा कसा दिसला. म्हाताऱ्या बाया अंगणात येऊन बसल्या. शेजारची रूथमावशी दर घटकेला ओरडायची, याकोब, बसली का रे तुझी बॅटरी? बॅटरी बसली म्हणजे संपली, आमच्या धंद्यात असंच म्हणतात. तो म्हणायचा, मावशी, तुम्ही बसा, ती उभी शे. मावशी म्हणायची, मार्था, नवरा बसला तरी चालेल, बॅटरी बसायला नको. पहाटेपर्यंत टिकली. पुढच्या वर्षी पण टिकली.

तिसऱ्या वर्षी नाताळाच्या संध्याकाळीच पाटलाकडं लग्न होतं. पाटलाच्या पुतण्याची वरात, बँड, आणि देवळापासून घरापर्यंत लायटिंग, सगळी खांबावरून. आमची सांजेची प्रार्थना नुकतीच सुटली होती, बाया मुलांच्या हातावर करंज्या ठेवत होत्या, आणि गावातली लाईट गेली. खांबावरची. बठ्ठं गाव काळंभोर, बँड मध्येच थांबला, आणि नाल्याच्या अलीकडं आमचा तारा उभा, लाल हिरव्या माळा चालू. आम्ही हसलो हो. खोटं कशाला बोलू. रूथमावशी म्हणाली, आज देव आपल्या बाजूला.

देव होता की नाही माहीत नाही, नाल्यातून माणसं आली. पुढं भगवान, पाटलाचा मोठा पोरगा. मागं दौलत, सुपडू, ज्यांच्या शेतात मी निंदणीला जायची ते, आणि वरातीतले वीस-तीस, हातात काठ्या, काहींच्या डोक्यावर अजून फेटे. भगवान म्हणाला, आमना उजेड चोरा तुम्ही. कोठे शे रे आकडा, काढ. आकडा म्हणजे तुम्हाला माहीत आहे, खांबावरच्या तारेला वायर अडकवून चोरून वीज घ्यायची. याकोब हात जोडून पुढं झाला. म्हणाला, भाऊ, आकडा नाही, बॅटरी आहे, आणि आकडा असता तर तुमच्याबरोबर आमचे पण गेले असते ना. हे भगवानच्या डोक्यात शिरलं असतं पण मागून सुपडू ओरडला, खोटं बोलस, आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी एका रेडिओला पुरत नाही, हा वाडाभर रोषणाई करस! याकोब म्हणाला, मग बसा ना इथं, करंजी खा, पहाटेपर्यंत बसा, जळते की नाही बघा. मनापासून म्हणाला तो. त्यांना वाटलं टोमणा मारला. महाराच्या घरची करंजी खा म्हणतो.

दौलतनं त्याच्या तोंडात मारली. मग सुरूच झालं. माळा ओढल्या, दिवे पायाखाली फुटत होते, कडकड आवाज, चर्चच्या खिडक्या फोडल्या, एका पोरीच्या कपाळावर काच बसली. आणि भगवान तार धरून धरून तिच्या मागं आमच्या घरात शिरला, आकडा शोधत. बारदान ओढलं, खाली बॅटरी. आता तरी बघायचं ना की हा बरोबर बोलत होता. नाही. बॅटरी दिसली म्हणून त्याला जास्त राग आला. त्यानं जोरात लाथ मारली. जुनं कवच ते, फुटलं, तार तुटली, वाडा एकदम काळा झाला, आणि त्या काळ्यात भगवान असा ओरडला की मी अजून ऐकते. तेजाब त्याच्या पायावर.

याकोबला सवयच होती. नाकातून रक्त वाहत होतं तरी घरात घुसला, भगवानला काखेत धरून फरफटत अंगणातल्या रांजणापाशी आणलं आणि पाण्याचे तांब्यांवर तांबे त्याच्या पायावर. मला ओरडला, मार्था, सोडा आण, खायचा सोडा. मी डबा शोधायला आत गेले. अंधारात लोकांना काय कळलं, तर पाण्याचा आवाज, भगवानचा आवाज, आणि हा त्याला धरून बसलेला. कोणीतरी म्हटलं, आमना पोऱ्याले यासनं पाणी टाकं, बाटवला! पाय जळत होता भाऊ, हाडापर्यंत गेला असता, आणि त्यांना पाणी कोणाचं ते दिसलं.

ताऱ्याचा बांबू उपटला त्यांनी. त्याच बांबूनं याकोबला मारलं. मी सोड्याचा डबा घेऊन आले तर तो खाली पडलेला आणि तरी भगवानचा पाय त्यानं सोडला नव्हता. मी त्याच्या अंगावर पडले, माझा हा हात तेव्हा मोडला, बघा, सरळ होत नाही. त्याचा डावा डोळा तिथंच गेला. भगवानचा पाय वाचला.

पुढं केस कोणावर? आमच्यावर. वीज चोरली आणि पाटलाच्या पोरावर तेजाब फेकलं. पोलिसांनी तार जप्त केली, बॅटरीचे तुकडे घेतले नाहीत. जमादार याकोबच्या खाटेपाशी उभा राहून म्हणाला, एवढे दिवे रात्रभर बॅटरीवर चालतात हे कोण मानेल, आकडा होता म्हणून टाक, लवकर सुटशील. याकोबच्या डोक्याला पट्टी, तोंड सुजलेलं, तरी म्हणाला, साहेब, सहा दिव्यांची लडी होती. त्याला ते महत्त्वाचं होतं. चोर म्हणतात याचंच त्याला जास्त लागलं होतं, डोळ्यापेक्षा.

तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत गेल्या. आमचा वकील पोरसवदा, पण चिवट. भगवान साक्षीला आला, लंगडत, नवा शर्ट. वकिलानं त्याला पेटवलं. म्हणाला, तुम्ही तर घाबरून दारातच उभे होता म्हणे? झालं, पाटलाचा पोरगा तो. म्हणाला, कोण घाबरस? मी लाथ मारी नि बठ्ठा वाडा काया करी टाका! कोर्टात हसू फुटलं. वकील हसला नाही. जज्जसाहेबांना म्हणाला, हे लिहून घ्यावं, यांनी बॅटरीला लाथ मारली आणि दिवे गेले. आकड्यावरचे दिवे बॅटरी फुटल्यानं जात नाहीत. आणि तेजाब पायावर कसं आलं तेही यातच आलं. याकोबनं माझा हात दाबला, मोडलेलाच, मी ओरडले. आम्ही सुटलो.

मग आमची केस उभी राहिली, मारहाणीची. त्यांच्या वकिलानं भगवानचंच वाक्य काढलं. म्हणाला, वाडा काळा झाला होता हे कोर्टानं मानलं आहे, मग या बाईला मारणारे दिसले कसे? मी म्हटलं, दिसायला कशाला पाहिजे, दहा वर्षं ज्यांच्या शेतात निंदणी केली, ज्यांनी बांधावरून ए मार्था म्हणून हाका मारल्या, त्यांचे मी धरस, तू मार म्हणतानाचे आवाज मला कळत नाहीत? साहेब म्हणाले, बाई, अंधारात आवाजावरून चूक होऊ शकते. रूथमावशी पण तेच सांगत होती, तिचं पण नाही मानलं. सगळे सुटले. एकाच लाथेनं आम्हाला सोडवलं आणि त्यांना पण. निकालात बघा, माझ्या नवऱ्याचा डोळा कोणीच फोडला नाही.

आता नाल्याच्या अलीकडं खांब आलाय, मीटर आहे, टीव्ही आहे. टपरी मी चालवते, याकोब बाजूला बसून एका डोळ्यानं बघतो आणि चुका काढतो. नाताळाला माळा अजून बॅटरीवरच लावतो, गावाच्या तोंडाकडं, दोन बॅटऱ्या ठेवतो, एक बसायला लागली की दुसरी जोडायची, उजेड तुटू द्यायचा नाही. लोक म्हणतात, माफ करून टाक मार्था, तुमचा धर्म तेच सांगतो. मी म्हणते, करते, पण येऊन मागा तरी कोणी.

चहा थंड झाला तुमचा. देव तुमचं भलं करो, तुमच्या लेकरांचं भलं करो. लिहा तुम्ही. फक्त अंधारात कोणीतरी मारलं असं लिहू नका, भाऊ. सुपडूनं धरलं होतं. बांबू दौलतच्या हातात होता.