उपाशीपोटी शिसं

—नाही, परत सांगा. माझ्या नातीचं शरीर शिशालाच कॅल्शियम समजतं? शरीर एवढं बावळट असतं का हो, बाई? मी चौथीत शाळा सोडली, पण मला शिसं आणि दूध वेगळं कळतं — आणि तिच्या आतड्यांना कळत नाही! बरं. पोटात दूध नाही, अंगात लोह नाही, की आतडी दार सताड उघडतात आणि शिशाला जावई म्हणून आत घेतात. असंच ना? दवाखान्याने तुम्हाला आहार सांगायला पाठवलंय की सोयरिक जमवायला?

बसा हो. त्या स्टुलावर नको, त्यावर मळी सांडलीय — शिसं वितळलं की वर काळी साय धरते, ती पळीने काढून टाकतो. नाकाला पदर कशाला? भट्टी थंड आहे. सकाळीच विझते. जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटी, नळाचे तुकडे, मिळेल ते कढईत वितळवायचं आणि साच्यात ओतायचं — मासेमारीच्या जाळ्यांना वजनं लागतात ना, ती. या बंदरावरचं जाळं माझ्या शिशाशिवाय बुडत नाही. बाप हेच करायचा. त्याला काय झालं? काही नाही. शेवटी हात कापायचे, माणसं ओळखायचा नाही — पण म्हातारपणी ते कुणाचं चुकलंय?

तर मुद्द्याचं. नातीच्या रक्तात शिसं निघालं काय, आणि सूनबाईंनी बॅग भरली काय! भट्टी बंद करा, नाहीतर पोरीला घेऊन माहेरी जाते — आज संध्याकाळच्या बसने. मुलगा बोटीवर, आणि घरी असता तरी काय, बायकोपुढे मिशीसुद्धा खाली पडते त्याची. म्हणून म्हणतो, बऱ्या वेळी आलात. आत जा आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा, की दोष भट्टीचा नाही, चुलीचा आहे. आत्ता तुम्हीच म्हणालात ना — दूध, अंडी, डाळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून. पोट भरलेलं असलं की शिसं कमी शिरतं? मग भर म्हणावं पोट! कोण नको म्हणतंय? तिच्या हातची भाजी कुत्रं हुंगून पुढे जातं, पोरगी फिकट पडेल नाहीतर काय? वर जेवणावर चहा देते. चहाने लोह अडतं म्हणालात ना — हे ठासून सांगा. हे माझ्यादेखत सांगा.

काय? आहाराने शिसं थांबत नाही, फक्त कमी शिरतं? आधी भट्टी? वा! म्हणजे मघापासून दूध-अंडी, दूध-अंडी करत माझं डोकं खाल्लंत ते हवेत. शिकलेल्या माणसाचं हे असं — धड हो नाही, धड नाही नाही.

सकाळी काय खाते? काही नाही खात. म्हणजे खाते, पण मग. आमच्या घरचा नियम आहे, बापापासूनचा — ओतकाम झाल्याशिवाय तोंडात घास नाही. भरल्या पोटी धूर सोसत नाही, मळमळतं. म्हणून आधी ओतायचं, मग खायचं. नियम कामाच्या माणसाचा, पण ही बया! डोळे चोळत थेट इथे, या उंबऱ्यावर. आई दुधाचा पेला घेऊन मागे, आणि ही म्हणते, "आजोबा खातील तेव्हाच मी." एवढीशी पोर, पण वळण बघा! सून कातावते, मी पेला परत पाठवतो — म्हणतो, शिकतेय ती, शिकू दे, तुझ्या माहेरी नसेल ही रीत. मग मी ओततो, आणि गार झालेली वजनं ती वेचून टोपलीत टाकते. भूक तर लागलेलीच असते, लेकरूच ते — मधेच बोटं चोखत बसते. काळी तोंडं घेऊन मग आम्ही दोघं—

असं काय बघताय?

उपाशीपोटी जास्त शिरतं. हां. म्हणालात मघाशी. किती जास्त? मोठ्या माणसापेक्षा पोरांच्या अंगात आणखी — नको. राहू दे. नका सांगू.

रोज आणायची हो सून तो पेला. रोज.

…आणि मी म्हणे स्वयंपाकघराचा दोष. हसा की. मघाशी मी एवढा बोलत होतो, तेव्हा हसायचं होतंत.

भट्टीचं मला विचारू नका. या वयात मी दुसरं काय ओतणार? आत जा. सुनेला म्हणावं, संध्याकाळपर्यंत कशाला थांबतेस, दुपारचीही एक बस आहे. आणि पोरीला आधी पोटभर खायला घाल, मगच उंबऱ्याबाहेर काढ. मी सांगितलं म्हणू नका — मी सांगितलं म्हटलं, तर मुद्दाम थांबेल.

जा आता. आणि पोरगी इकडे यायला निघालीच, तर तिकडेच धरून ठेवा. दार ओढून घ्या.