तळव्याला गारवा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बाई, ताई होय! थांबा हं, मशीन बंद करते, काही ऐकूच येत नाहीये… हं. बोला आता.

नाही हो, कसली गडबड! शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत, बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही… तुमचा बंड्या ना? आत झोपलाय. पहाटे चारला जातो बिचारा. ऑफिसं उघडायच्या आत त्यांना काचा चकचकीत हव्या असतात. दोरीला लटकून लटकून बाराला घरी येतो, दोन घास खातो की आडवा… उठवू का?… बरं, नको तर नको.

मोजे? अहो, तेच सांगायला फोन करणार होते! काय उबदार विणलेत हो! सोमवारी मिळाले, तेव्हापासून पायातच आहेत. सर्दीने नुसता सूं सूं करतोय, म्हणून मी झोपतानाही काढू देत नाही… हो, आज चौथा दिवस. काढले तर ताईला सांगेन, अशी धमकीच दिलीय. तुम्हाला तो अजून टरकतो!

काय?… झोपेत चालणं? छे छे, ते बंद झालं. दोन महिने होतील… हो, त्याच त्या संमोहनवाल्या डॉक्टरबाई. आणि तुम्ही हसत होतात, "माझ्या भावाचा कोंबडा करून ठेवतील" म्हणून… नाही हो, तसलं काही नसतं. खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, आणि हळू आवाजात तेच ते, तेच ते. बाजूला बसून मीच पेंगायला लागले होते. सहा वेळा गेलो.

काय बोलायच्या? पाठ झालंय मला. "झोपेत उठलात आणि उघड्या तळव्याला फरशीचा गारवा लागला, की मागे फिरायचं आणि पलंगावर जाऊन पडायचं." बस्स, एवढंच… अहो, मलाही खरं वाटलं नव्हतं. पण डोळ्यांनी पाहिलंय. पाय खाली टेकला की थबकायचा आणि परत आडवा. शहाण्या बाळासारखा. मग खिडकी उघडू नये म्हणून बांधलेली दोरी मी सोडून टाकली.

जाळी?… तुम्हीच सांगा त्याला. माझं कोण ऐकतंय! "काचा पुसणाऱ्याच्या घराला जाळी? लोक हसतील" म्हणतो… हो हो, विसरेन कशी? पाचवा मजला, आणि हा एक पाय बाहेर टाकून बसलेला, डोळे मिटलेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, ताई. म्हणून तर गेलो ना त्या बाईंकडे.

बरं, गंमत ऐका. शेजारच्या काकू काल दारात येऊन म्हणतात, "तुझ्या मिस्टरांना सांग हो, आमची खिडकी अगदी आरशासारखी पुसलीय बाहेरून." मी म्हटलं, काकू, स्वतःच्या घरची काच पुसायची तर ह्याच्या अंगावर काटा येतो! तुमची कुठला पुसतोय? लावला असेल कुणीतरी माणूस…

अं? कसला आवाज?… हो, मलाही येतोय. चीं… चीं… असा. ओल्या काचेवर वायपर ओढल्यासारखा. चाललं असेल कुणाकडे काहीतरी. दुपारभर माझं मशीन चालू असतं, त्यात कुठे काय कळतंय.

हं… काय म्हणालात?… परत बोला.

मोजे घातल्यावर गारवा कसा लागणार?

…ताई.

ताई, थांबा. ठेवू नका हं फोन. आत बघते… अहो, जातेय, जातेय…

पलंग रिकामा आहे.

खिडकीत… खिडकीत आहे तो. एक पाय बाहेर, एक आत. हातात वायपर. काच पुसतोय… ताई, ओरडू नका! पाया पडते तुमच्या. आवाज फोनच्या बाहेर येतोय. बाईंनी बजावलंय, दचकवायचं नाही, ओढायचं नाही. मागच्या वेळी दंड धरला तर केवढा हिसडा दिला होता मला… हळू बोला… हळू.

आतला पाय… हो, मोजा काढते. थांबा… निघाला. पाय टेकवला खाली…

नाही थांबत. का नाही थांबत हा?… अगं आई गं. ऊन. ऊन आलंय ना इथे दुपारचं. फरशी तापलीय, माझाच हात भाजतोय. आता गारवा कुठून आणू?

पाणी. फ्रीजमधली बाटली… हो, धावतेच आहे… ताई, आहे ना हो तो? मी कुणाला विचारतेय… आले. आले. आहे. अजून आहे.

ओतते हं पायाखाली… ओतलं… सगळी बाटली ओतली…

थांबला.

ताई, हात थांबला त्याचा… मागे बघतोय. बाहेरचा पाय आत घेतोय… हळू रे राजा, हळू, खाली ओलं आहे… उतरला. चाललाय… पलंगावर बसला… पडला. कुशीवर वळला, ताई. घोरायला लागला.

खिडकी लावली. हो, कडीही घातली… नाही, मी ठीक आहे. खाली बसलेय, पाण्यातच. तुम्ही कशाला रडता? तुम्ही मायेने विणलेत. घातले मी. ते वाक्य घोकून घोकून पाठ केलं मी, आणि माझ्याच हातांनी त्याच्या तळव्यावर लोकर चढवली. दोष माझा आहे.

हो… हो, बाईंना आत्ताच फोन करते. आणि जाळी आजच्या आज. हसू देत लोक…

थांबा जरा.

हा मोजा माझ्या हातात आहे ना… ह्याचा तळ काळाकुट्ट झालाय. आणि सिमेंटचे कण… नाही, घरात कुठली घाण? दोन वेळा पुसते मी फरशी… बाहेर तर हा बूट घालूनच जातो…

ताई, खिडकीखाली बाहेरून सिमेंटची एक पट्टी गेलीय. वीतभर रुंद. ती आमच्या खिडकीखालून काकूंच्या खिडकीखाली जाते.

हो. काकूंची खिडकी. काल आभार मानत होत्या.

म्हणजे हा रोज… आणि मी पलीकडे गणवेश शिवत बसलेय, चार दुपारी… आज तुमचा फोन आला म्हणून मशीन बंद केलं हो मी…

बघते. काचेतूनच बघते, उघडत नाही… हो, आमची लख्ख आहे. काकूंचीही. त्याच्या पलीकडे जिन्याची खिडकी आहे, तीही लख्ख. त्यापुढे कोपरा… आणि कोपऱ्याच्या पुढची… ती अजून मळकी आहे.

नाही, आता बोलत बसत नाही. ठेवते. त्याच्या दुसऱ्या पायात मोजा तसाच आहे, ताई.