मयताच्या घरची थट्टा

थट्टेवरून आठवलं. दुबईत जबल अलीला आमच्या वेअरहाउसमध्ये आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे दोघे आहेत. इसा मोसी जमातीचा, अदामा सामो जमातीचा. इसाचे वडील तिकडे गावी वारले. आम्ही रूमवर त्याच्याजवळ बसलेलो, आणि अदामा येऊन म्हणतो, "गेला का म्हातारा? आमचे शेंगदाणे चोरून खायचा, तेच बाधले."

मी चिडून उठलोच. इसाने माझा हात धरला. तो हसत होता. हसता हसता रडायला लागला. सकाळपासून रडला नव्हता.

आपल्याकडे मेव्हण्यांची चालते, तशी मोसी आणि सामोंची थट्टा चालते म्हणे, अगदी मयताच्या घरीसुद्धा.

यंदा माझे वडील गेले. अदामा आला, शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "मला परवानगी आहे?"