कड्याची बहिरी बाजू

हस्ना : स्क्रू नकोत म्हणता, मग अँटेनाच्या या कड्याचे सांधे जोडू काय थुंकीने?

प्राध्यापक : डाख द्या, शेजारीणबाई. स्क्रूच्या सांध्यात निम्मी शक्ती ऊब होऊन वाया जाते. गाडीच्या बॅटरीवर जेमतेम पाच वॅट मिळतात; तेवढ्यात शहराच्या वेढ्यापलीकडे, समुद्रकाठच्या स्प्लिट शहरापर्यंत ओरडायचं आहे.

हस्ना : घ्या. न्हाणीघरातली तांब्याची नळी पार उपटून आणली. अकरा महिने पाणी नाही. पाणी आणायला गेलेला नवरा रांगेतच तोफेच्या गोळ्याने उडाला. नळी ठेवून काय चाटायची?

प्राध्यापक : आता स्टेशन जुळवायला या लाकडी उलथन्याने आतली नळी सरकवा. केसभर. हात लावू नका, कातडी जळेल. थांबा! स्टेशन लागलं.

ल्युबो (रेडिओवरून) : सुप्रभात, सर. नवं कडं वळलंत वाटतं?

हस्ना : हा कोण मेला?

प्राध्यापक : ल्युबो. डोंगरावरच्या तोफांचा वायरलेस त्याच्याकडे आहे. असलं कडं वळायला रेडिओ क्लबात मीच शिकवलं त्याला. त्याच विद्येने तो आता आपली दिशा शोधतोय. ज्ञानाचा प्रसार म्हणतात तो हाच.

ल्युबो : तीन मिनिटं बोललात की घर सापडतं, सर. मागच्या खेपेला बेकरी सापडली होती.

हस्ना : द्या तो माइक! कुत्र्या, माझी पोर होती त्या बसमध्ये! मुलांच्या बसवर गोळ्या कुणी झाडल्या?

ल्युबो : बाई, मी फक्त कोन मोजतो.

प्राध्यापक : ऐकलंत? निष्पाप माणूस. खाटीकखान्याला भूमिती पुरवतो, एवढंच. कडं फिरवा, सपाट अंग डोंगराकडे. ती कड्याची बहिरी बाजू. ल्युबोचा आवाज जमिनीलगत येतो, तो तिथे मरेल. स्प्लिटचा आकाशातून उतरतो.

हस्ना : मेला! खरंच मेला!

प्राध्यापक (हेडफोन कानाला लावून) : निवेस, स्प्लिटला ऐकू येतंय? नऊ दिवसांपूर्वी इथून सुटलेली मुलांची बस. आम्रा, वय सात. जिवंत आहे का?

(पलीकडच्या रस्त्यावर गोळा फुटतो. खिडकीचं प्लास्टिक फाटतं.)

हस्ना : काय म्हणतेय ती?

प्राध्यापक : इस्पितळाची यादी बघतेय. तुम्ही तळघरात जा. पुढचा गोळा जवळ पडेल. चूक सुधारण्यात ल्युबो वर्गात पहिला होता.

हस्ना : आणि उलथनं काय तुमचा बाप धरेल?

(दुसरा गोळा अंगणात. भिंतीचा गिलावा कोसळतो.)

हस्ना : प्रोफेसर! कानातून रक्त येतंय तुमच्या.

प्राध्यापक : दुसरा शाबूत आहे. आवाज सरकला... नळी किंचित आत... बस. निवेस, पुन्हा सांगा. हो. हो, कळलं.

हस्ना : बोला ना हो!

प्राध्यापक : जिवंत आहे.

हस्ना : मग तोंड असं का केलंत?

प्राध्यापक : हात कापावा लागला. कोपरापासून.

हस्ना : कुठला?

प्राध्यापक : उजवा.

हस्ना : डावखुरी आहे ती. चमचा डाव्या हातात द्या म्हणावं.