गडबडगडावरची आठवन

मंडळी, आज आधी प्रश्न विचारतो, उत्तर आरतीच्या वेळी द्या. घाई नाही!

तुमच्या घरातलं माणूस स्वतःच्या हातानं काहीतरी करून तुमच्यापुढं ठेवतं. समजा, विणलेला स्वेटर. त्यात दोष आहेत. उगीच म्हणायला नव्हे हं, खरेच आहेत — एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत! आता सांगा, तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला पाहिजे? खोटं बोलायचं? राम राम! देवळात उभं राहून तसं कसं सांगू? मग खरं बोलायचं? बोला की! — पण विणणाऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघा आणि मग बोला.

बघा, पेटीवाले नानासुद्धा खाली बघायला लागले. म्हणून आख्यान लावतो. ऐका.

साताऱ्यात मंदाकिनीबाई खळदकर राहायच्या. सगळे त्यांना मंदाताई म्हणायचे. अडतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. म्हणजे काय? तर पुस्तक छापण्याआधी कागद वाचायचा आणि चूक दिसली की लाल पेनानं घेरायची. काय नजर होती हो! लग्नाची पत्रिका हातात दिली, तर मुलगा कोणाचा, मुलगी कुठली — काही नाही! ‘आशिर्वाद नव्हे, आशीर्वाद. शी दीर्घ!’ अहो, लग्न लागतंय की वर्ग भरलाय?

हसू नका. चूक खरीच असायची. आणि असं एक माणूस गावात लागतंच. नाहीतर आपण सगळे ‘आशिर्वाद’ देत बसू आणि तो पोचायचाच नाही! वाईट बाई नव्हती मंडळी. नवरा लवकर गेला, त्या लाल पेनावर तिनं एकटीनं लेक वाढवली. पण पेन घरी आलं की त्याला टोपण घालायचं असतं, एवढं मात्र तिच्या ध्यानात राहिलं नाही.

लेक मृण्मयी. शिकायला पुण्याला गेली, वसतिगृहात राहिली. पहिल्याच आठवड्यात आईला पत्र लिहिलं. सतरा वर्षांची पोर, रडत लिहिलेलं, घाईघाईत. ‘आठवण’ लिहिताना बाणातला ण राहिला आणि नळातला न पडला. आईनं काय करावं? लाल पेनानं तो ‘न’ घेरला, वर ‘ण’ लिहिला आणि पत्र परत धाडलं!

पत्राला उत्तर नाही मंडळी, पत्रच परत!

तिच्या मनात वाईट नव्हतं हो. लेकीचं चांगलं व्हावं म्हणूनच केलं. पण त्या दिवसापासून लेकीची पत्रं बंद झाली. फोन यायचे — ‘जेवलीस का’, ‘औषध घेतलंस का’. त्यात चुकायला जागाच नसते ना!

सोळा वर्षं गेली. एका दुपारी मृण्मयी घरी आली आणि आईच्या हातात टॅब ठेवला. म्हणाली, “आई, मी एक खेळ केलाय. चार वर्षं लागली. येत्या रविवारी लोकांना खुला करायचाय. पण आता मलाच कळेना, बरा झालाय की वाईट. तू खेळ आणि सांग. तू नको म्हणालीस तर गुंडाळते.”

“मी? अगं, मला कुठं येतंय ते?”

“चूक तुझ्या नजरेतून सुटत नाही ना? मग बघ.”

खेळाचं नाव ‘गडबडगड’. आता तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात हे कसलं खूळ? अहो, उत्सवाच्या शेवटी लळितात आपण सोंगं घ्यायचो की नाही? दामू शिंपी एका दिवसापुरता राजा व्हायचा, दरडावून बोलायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर! तसंच हे. आपण एक सोंग घ्यायचं आणि त्या राज्यात हिंडायचं. मंदाताईंनी स्वयंपाकिणीचं सोंग घेतलं. हातात तलवार? छे, लाटणं! गडावर शिंकासुर नावाचा राक्षस. तो शिंकला की गावातल्या पगड्या उडायच्या. त्याला मारायचं नाही, काढा पाजून बरा करायचा!

मंदाताई हसल्या का? नाही. वही उघडली. दोष क्रमांक एक — अक्षरं बारीक. दोन — बेडूकवाला म्हणतो सात बेडूक आण. आणले, तर म्हणतो आणखी सात आण! तीन — शेळी भिंतीत अडकते ती निघत नाही. आणि सतरावा दोष — एक डाकवाला पत्र देतो, त्यात शुद्धलेखनाची चूक. पत्राखाली दोन बटणं होती, ‘दुरुस्त करा’ आणि ‘उत्तर द्या’. बाईंनी विचार केला? अडतीस वर्षांचा हात तो! ‘दुरुस्त करा’ दाबलं. डाकवाला मान खाली घालून निघून गेला, वर मनोऱ्यात एक खिडकी बंद झाली. बाई पुढं!

तीन दिवस खेळल्या. वहीत एकेचाळीस दोष. आणि शिंकासुराच्या दारात पोचल्यावर पडद्यावर प्रश्न आला — ‘प्रवास वाचवायचा का?’

आता थांबा. मराठी माणूस ‘प्रवास वाचव’ कधी म्हणतो? ‘आधी फोन कर, तेवढाच हेलपाटा वाचेल!’ पोरीला म्हणायचं होतं, इथवर आलात ते जपून ठेवू का? पण इंग्रजीतला ‘सेव्ह’ शब्द उचलला आणि तसाच मराठीत टाकला. मंदाताई म्हणाल्या, “वाचवायचा कशाला? एवढी दारापर्यंत आले ती परत जायला?” आणि ‘नको’ दाबलं!

झालं! तीन दिवसांचं सगळं पुसलं! बाई पुन्हा गडाच्या पायथ्याशी, हातात लाटणं, झोळीत बेडूक शून्य!

काय संतापल्या! बेचाळिसावा दोष, खाली दोन रेघा. पण रविवार आला होता जवळ. पुन्हा चढायला लागल्या. आणि गंमत बघा — आता दोष लिहून झाले होते. हाताला काम नाही! मग बाई नुसत्या बघायला लागल्या. शिंकासुर शिंकला, न्हाव्याची पगडी उडून शेळीच्या डोक्यावर बसली — आणि मंदाताई हसल्या! एकट्या खोलीत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या राज्यातली माणसं किती प्रेमळ केली होती पोरीनं! बेडूकवालासुद्धा बेडूक मोजताना प्रत्येकाला नावानं हाक मारत होता. पहिल्या खेपेला ते ऐकलंच नव्हतं.

अशा हसत हसत डाकवाल्यापाशी आल्या. म्हणाला, “मनोऱ्यातल्या लालराणीच्या नावचं पत्र आहे. ती गेली सोळा वर्षं दार उघडत नाही बघा.” पत्र उघडलं.

‘आई, मला इथं करमत नाही. तुझी आठवन येते.’

नळातला न.

मंडळी, बाईंनी ओळ पुन्हा वाचली. हे पत्र त्यांनी दोनदा हातात घेतलं होतं, एकदा घरी आणि एकदा गडावर. दोन्ही वेळा नुसता ‘न’ वाचला, पत्र वाचलंच नाही! “अगं बाई, काय केलं मी हे,” एवढंच तोंडून निघालं. खाली तीच दोन बटणं. या वेळी ‘उत्तर द्या’ दाबलं. आणि लालराणी मनोऱ्याच्या पायऱ्या उतरत खाली आली, दार उघडलं.

शनिवारी मृण्मयी आली. पोरीचा चेहरा निकालाच्या दिवसासारखा. मंदाताईंनी वही पुढं केली. पहिली चार पानं निळ्या शाईत होती. पगडीचं लिहिलं होतं, बेडकांच्या नावांचं लिहिलं होतं, ‘राक्षसाला मारत नाहीत हे मला फार आवडलं’ असं लिहिलं होतं. आणि पाचव्या पानापासून दोष, लाल शाईत, बेचाळीसच्या बेचाळीस! एकही लपवला नाही. ‘प्रवास वाचवायचा का’च्या जागी लिहिलं — ‘इथवरचं जपून ठेवू?’

फक्त सतरावा दोष खोडला होता. आणि तिथं उतरवलेल्या ‘आठवन’मधल्या ‘न’खाली लाल ठिपके दिले होते. छापखान्यात खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले, की अर्थ होतो — आहे तसं राहू द्या. शेजारी निळ्या शाईत एक ओळ होती. ‘मलाही येते गं, तुझी आठवन.’

मृण्मयीनं ओळीवर बोट ठेवलं. “आई... न?”

“राहू दे,” मंदाताई म्हणाल्या. “रविवारी खुला कर खेळ. आणि ती शेळी तेवढी काढ भिंतीतून!”

पाहिलंत? खेळात दोष होता म्हणून बाई पायथ्याशी आली, आणि पायथ्याशी आली म्हणून पत्र पुन्हा हाती पडलं. प्रवास वाचला नाही मंडळी, म्हणून माय-लेकी वाचल्या!

आता प्रश्नाचं उत्तर. घरी जाल, पान वाढलेलं असेल. भाजीत मीठ कमी असेल — खरंच कमी असेल! सांगा, जरूर सांगा. पण पहिल्या घासाला नाही, दुसऱ्या घासाला सांगा. पहिला घास करणाऱ्याचा.

आणि ज्यांच्या घरात एखादं पत्र असं परत गेलंय — मान हलवू नका, मला दिसतंय, माझ्याही घरात आहे — त्यांनी आज आरतीला टाळ्या एका हातानं वाजवल्या तरी चालेल. दुसऱ्या हातानं फोन लावा. नाना, सूर द्या. उठा मंडळी, देव वाट बघतोय, आणि देवाआधी कोणीतरी घरी वाट बघतंय!