कॉफीच्या डब्यातलं वटवाघूळ

छोट्या तपकिरी जातीचंच वटवाघूळ आहे ना? पट्टी पुन्हा लाव, लीडिया. कोपर ते मनगट चाळीस मिलिमीटरच्या आत म्हणजे छोटं – तूच सांगितलंस गेल्या उन्हाळ्यात, इथेच, निसर्ग केंद्रातल्या तुझ्या वटवाघळांच्या व्याख्यानात, मी पुढच्या बाकावर होतो. तोंड बघायचंय? तोंड कुठून राहणार – टेनिसच्या रॅकेटनं हाणलंय. अशी काय बघतेस? या तळ्यावर वटवाघळांसाठी कुणाच्या दाराआड रॅकेट नाही सांग. टेनिस कुणाच्या बापाला येतं! तुझ्या आजोबांनी तर एकदा घरातला दिवाच फोडला होता.

कुठे सापडलं? व्हरांड्यात. म्हणजे – व्हरांड्याच्या बाजूला. त्याचं काय एवढं? तू जात सांग. छोटी असली तर माझी काही हरकत नाही, आमच्या माळ्यावर चाळीस वर्षं आहेत, माझी बायको बर्निस होती तेव्हा ती संध्याकाळी खुर्ची टाकून मोजत बसायची, कधी कुणाला चावली नाहीत. हे आपलं गरीबासारखं पडद्याला लटकलेलं, बदकांच्या त्या पिवळ्या – हो, बरोबर आहे, व्हरांड्याला पडदे नसतात.

नातीच्या, सिग्नच्या खोलीत. झालं समाधान? सकाळी सहाला उठवायला गेलो, तर पोरगी झोपलेली आणि हे वर. पण मी तिचं सगळं अंग पाहिलं ना – बोटं, मान, कानामागं, सगळं. ओरखडा नाही. काय? दात इतके बारीक की खूणसुद्धा उमटत नाही? मग रेबीज आहे का ते तपासायला पाठव हे, डब्यासकट पाठव – मेंदू तपासतात? डोकं शाबूत लागतं? डोकंच?

आणि तेच मी ठेचलं. तीनदा मारलं गं मी, पहिल्याच फटक्याला मेलं होतं.

म्हणजे रेबीजची इंजेक्शनं. तीन वर्षांच्या पोरीला. वेळेत दिली तर धोका नाही – नक्की ना? मग देऊ, आजच देऊ. फक्त कार्लाला कळवायला नको – कसं म्हणजे? आईला न विचारता दवाखाना हात लावणार नाही, ठाऊक आहे मला! तुला काय माहीत, गेल्या वर्षी सिग्न बोटीच्या धक्क्यावरून पाण्यात पडली, कमरेएवढंच पाणी, पण सूनबाई म्हणाल्या, आर्विड, पुन्हा एकदा असं झालं तर संपलं. हा एक आठवडा मी ख्रिसमसपासून मागत होतो. पोरीशिवाय ते घर खायला उठतं मला. म्हणून म्हणत होतो, छोटं तपकिरी असतं तर –

छोटं असलं तरी इंजेक्शनं द्यावीच लागतात? मग ठेव ती पट्टी. ती बघ सिग्न, कासवाच्या टाकीला नाक लावून उभी आहे. जा, तिच्यापाशी थांब जरा. नाही, नंबर पाठ आहे मला. जा म्हणतो ना!

कार्ला? आर्विड बोलतोय. ती बरी आहे, पण तिला आत्ता दवाखान्यात नेतोय. खोलीत वटवाघूळ शिरलं होतं. हो, ती झोपलेली असताना. हो... हो, बरोबर आहे तुझं. ये तू. तिची बॅग मी भरून ठेवतो.