बटणाची दारं

हॅलो?… हॅलो, आई? हो, हो… येतोय आवाज. हळू बोलतेय, बबडी आत वाचत बसलीये… अगं हो, आपलीच बबडी! इथल्या, परराज्यातल्या भाषेचं पुस्तक उशीखाली लपवणारी!

थांब, आधी सांग, बाबा बरे आहेत ना?… चाळीस वर्षं कोट शिवले, आता दुकान बंद केल्यावर हात शिवशिवत असणार… बरं, बरं.

नाही गं, मी नाही ओरडले तिला. ही तिच्या शाळेतल्या बाईंची करामत. त्यांनी एक गोष्ट इंटरनेटवर ठेवलीये. बारा मुलं, बारा घरांत, पण पान एकच. प्रत्येकाचा रंग वेगळा. शब्द अडला की त्याला आपला रंग लावायचा, मग दुसरं कुणीतरी बाजूला अर्थ लिहितं… हो ना! वर्गात आठ महिने ब्र काढला नाही हिने, आणि काल लिहिते काय, 'गुहा म्हणजे अस्वलाचं घर.' बाईंना मानलं बाई आपण!

अगं ऐक ना… खरं सांगू? जीव टांगणीला लागलाय. त्या पानावर तेरावं कुणीतरी येतं… कोण ते कळलं तर काय हवं! नाव दिलं नाही की आपोआप प्राण्याचं नाव मिळतं. हे आहे 'कासव'. रोज सहाच्या ठोक्याला हजर. बबडीच्या मागून मागून, तिच्याच ओळीवर. शब्दही तिलाच विचारतं. ती 'गुहा' त्यालाच सांगितली तिने. 'कासवाला माझ्याशिवाय येत नाही' म्हणते. त्याच्यासाठीच बसते गं ती!

घाबरणार नाही तर काय! परका माणूस, आठ वर्षांची पोर… दुपारीच बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, साडेसहाला पानच बंद करते. सगळ्यांचंच… नाही, बबडीला नाही सांगितलं अजून. कुठल्या तोंडाने सांगू?

लिहितं काय? वावगं काही नाही तसं. मोडकंतोडकं. 'पाणी पी, मग पुढे.' असलं… आणि परवा तर कहर! चित्रात अस्वलाने कोट घातलाय. मुलं लिहितायत, छान कोट, लाल कोट. आणि हे कासव लिहितं, 'बटणाची दारं चुकीच्या बाजूला. शिंप्याला परत द्या'… हसतेस काय? काजांना शब्द सापडला नसेल बिचाऱ्याला…

…

आई, चित्रातली काजं कोण बघतं गं?

बाबा कुठेत आत्ता?… आतल्या खोलीत. दार लावून? फोन घेऊन?… रोज सहाला?

नाही नाही, हाक मारू नकोस! ऐक… वही? कसली वही?… बाहेरच्या पलंगावर, उशीखाली? तिथेही उशीखालीच! वाच ना, काय लिहिलंय?…

'गुहा, अस्वलाचं घर.'

…

नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

पण त्यांना ते पान मिळालं कसं?… मी? मी कधी पाठवलं?… अगं बाई! पहिल्याच दिवशी, कौतुकाच्या भरात, घरच्या ग्रुपवर! बाईंनी दहादा बजावलं होतं, पत्ता बाहेर देऊ नका. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि मी चोर शोधतेय…

काय म्हणाले होते?… 'उद्या नात त्याच भाषेत बोलायला लागली, की मी काय नुसता हं हं करत बसू?'… तुला म्हणाले, मला नाही. लाज वाटली असेल, या वयात मुळाक्षरं…

किती वाजले गं? सहा चोवीस! ठेव, ठेव फोन. बाईंना गाठते. चूक माझी, पान बंद करू नका म्हणते… हो, सांगते ना, तेरावा विद्यार्थी आमच्याच घरचा आहे, त्यालाही एक रंग द्या!

ऐकलंस? बबडी हसली आत. काय लिहिलं असेल त्यांनी आता…

बाबांना काही बोलू नकोस हं. मीही बबडीला सांगणार नाही. त्यांना तेवढं पाणी नेऊन दे… हो, मग पुढे. ठेवते!